थोरलीच्या मापाचं बाक

माळ्यावरची तपकिरी बॅग खाली उतरलेली दिसली आणि थोरलीचा हात दाराच्या कडीवरच थिजला.

बॅग पलंगावर उघडी पडली होती. आई तिच्यात धाकटीचे कपडे भरत होती... प्रत्येक कपड्याची घडी घालून, घडीवरून पुन्हा हात फिरवून, जणू मुलगी सहलीलाच निघाली होती! बॅगेचं कुलूप तेच, तुटकं. त्यावर गुंडाळलेली सुतळीही बहुधा तीच. याच बॅगेतून एकदा थोरलीचे कपडे मावशीच्या गावाला गेले होते. आणि परत येताना त्या कपड्यांच्या वर इवल्या इवल्या दुपट्यांची एक चवड आली होती, जी तिनं आपली म्हणायची नव्हती.

"आई, हे काय चाललंय?"

"दिसतंय ना." आईनं मान वर केली नाही. "उद्या सकाळी शाळेत जायचं. मुलीला घेऊन जातो म्हणून मोठ्या बाईंना सांगायचं. परवाच्या बसनं मावशीकडे. तिला कळवलंय मी."

"आणि परीक्षा?"

"देईल पुढच्या वर्षी."

"मी दिली?"

प्रश्न छोटाच होता. पण आईच्या हातातला स्वेटर घडी न होताच बॅगेत पडला.

"तुझं काय वाईट झालं गं?" आई म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. आई घाबरली की तिचा आवाज असाच खाली जाई. "सगळा कारखाना तुझ्या हातात आहे. लोक आदरानं बोलतात. आजवर कुणी एक वाकडा शब्द काढला? कशामुळे? मी वेळेवर हातपाय हलवले म्हणून!"

थोरलीनं दाराची कडी सोडली. काय बोलणार होती? शाळेच्या शेवटच्या वर्षात, जेमतेम सोळाव्या वर्षात, तिलाही असंच वर्गातून उठवून नेलं होतं. ज्याच्यामुळे उठावं लागलं तो मुलगा बापाची बदली झाली म्हणून पत्ताही न ठेवता निघून गेला होता. आणि मावशीच्या माजघरात जन्मलेली मुलगी परत येताना आईच्या कुशीत होती. 'उशिरा झालेलं शेंडेफळ' म्हणून आईनं ती साऱ्यांना दाखवली, आणि साऱ्यांनी, खरं मानून किंवा खरं मानल्यासारखं करून, पाळण्यात डोकावून पाहिलं. त्या दिवसापासून घरात एक थोरली झाली आणि एक धाकटी. थोरलीनं पुढे आलेलं प्रत्येक स्थळ काही ना काही खोट काढून परतवलं. लोक म्हणाले, फार चिकित्सक बाई! खरं एवढंच होतं, की शेजारच्या खोलीत जे लेकरू झोपत होतं त्याच्या श्वासापासून दूर जायची तिची हिंमत नव्हती. ते लेकरू तिला 'ताई' म्हणे, आणि ती ओ देई. अशी किती वेळा ओ दिली असेल तिनं... त्याला काही गणती?

"माझं भूगोलाचं पुस्तक टाकलंस का गं त्यात?"

धाकटी दारात उभी होती. हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद, अंगात गणवेश, आणि गणवेशाची खालची बटणं आता लागत नव्हती म्हणून वरून बाबांचा जुना सदरा. "म्हणजे मावशीचं गाव नकाशात कुठे आहे ते तरी शोधते. मी काही जाणार नाहीये, पण माहिती असलेली बरी."

"तुला चेष्टा सुचते!" आई कळवळून म्हणाली.

"मग काय करू? रडून झालं. संपलं तेवढं." तिनं सफरचंदाचा एक लचका तोडला, आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "तो जातो ना रोज शाळेत. खिडकीपाशी बसतो. काल तर फळ्यावर गणित सोडवून शाबासकी घेतली त्यानं. त्याला कुणी मावशी नाही वाटतं?"

आईनं बॅगेतले कपडे उगाच खाली दाबले. थोरलीला मात्र हसू आलं, आणि त्या हसण्याबरोबरच छातीत काहीतरी खळकन तुटलं. आपण त्या वयात असं एक वाक्य तरी बोललो होतो का? आपण बॅग उचलली होती. स्वतःच्या हातानं उचलली होती!

"ताई, तू सांग ना हिला," धाकटी म्हणाली. "तुझं ऐकते ती."

"सांगते," थोरली म्हणाली. "पण तिला नाही. आधी बाबांना."

घराच्या मागेच कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, पत्र्याचं छप्पर, एक मोठी करवत, दोन कामगार, आणि पायाखाली सदोदित भुसा. बाबा शाळांची बाकं करत. गावातल्या शाळेतलं एकूण एक बाक त्यांच्या हातचं होतं. बसायची फळी आणि पुढचं डेस्क एकाच लोखंडी सांगाड्यात पक्कं जोडलेलं, म्हणजे मुलांना पुढे-मागे ओढून दंगा करता येऊ नये. करवतीच्या आवाजानं त्यांचे कान गेले होते असं ते सांगत. घरात मात्र सगळ्यांना ठाऊक होतं, की जे ऐकायचं नसेल तेवढंच त्यांना ऐकू येत नाही.

थोरली आत आली तेव्हा ते एका फळीवर रंधा मारत होते.

"बाबा, उद्या तुम्ही नाही म्हणा."

रंधा चालूच राहिला. लाकडाची पातळ साल गोल गोल गुंडाळत खाली पडत होती.

"बाबा!"

"ऐकतोय."

"मोठ्या बाई सही मागतील. देऊ नका. ती इथंच शिकेल, इथनंच परीक्षा देईल."

"तुझ्या आईनं ठरवलंय."

"तेव्हाही तिनंच ठरवलं होतं. तुम्ही काय केलं होतं?"

बाबांनी रंधा उलटा केला, पात्यात अडकलेली साल काढली, फुंकर मारली. मग अगदी हळू म्हणाले, "काही नाही. मी काही केलं नव्हतं." आणि रंधा पुन्हा सुरू झाला.

ती तिथंच उभी राहिली. भिंतीपाशी शाळेकडून दुरुस्तीला आलेलं एक बाक ठेवलं होतं. त्याच्याकडे पाहताना तिला ती दुपार आठवली. बाबांना शाळेचं पहिलं काम मिळालं होतं, आणि बसायची फळी व डेस्क यांत अंतर किती ठेवावं हे त्यांना कुठल्या पुस्तकातून काढायचं नव्हतं. घरात शाळेत जाणारी मुलगी होती! त्यांनी दोन खोकी मांडली, तिला हाक मारली आणि म्हणाले, "बैस बघू." ती बसली. काडीसारखी अंगानं. त्यांनी कानामागची पेन्सिल काढून खोक्यावर खूण केली. त्या खुणेवर एक बाक झालं, मग दुसरं, मग साऱ्या शाळेची बाकं. साऱ्या शाळेतल्या मुली आजही तिच्या मापात बसत होत्या... आणि ती स्वतः? ज्या वर्षी तिचं माप बदललं, त्या वर्षी तिला त्या बाकातून उठवलं गेलं. पुन्हा कधी बसणं झालंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघंही शाळेत गेली. आईनं ठेवणीतले कपडे घातले होते. बाबांनी दाढी केली होती आणि हनुवटीवर कापून घेतलं होतं. धाकटी मधून चालत होती, सदरा न घालता, ताठ. लागत नसलेली बटणं तशीच सोडून. फाटकापाशी मुलींचा एक घोळका गप्प झाला. धाकटीनं त्यांच्याकडे पाहून हात हलवला. एकीनं, फक्त एकीनंच, उलट हात हलवला. पण त्या एकीनं अख्ख्या घोळक्यासमोर हलवला.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. वयानं थोरलीपेक्षा फार मोठ्या नसतील. चेहरा प्रेमळ, टेबल स्वच्छ, आवाज इतका मऊ की त्यात हात घातला तर बुडावा. खोलीत एका बाजूला गणिताच्या बाई बसल्या होत्या, निवृत्तीला आलेल्या, जाड चष्म्याच्या, धाकटीच्या वर्गशिक्षिका. एके काळी थोरलीलाही त्यांनीच शिकवलं होतं.

"या, बसा," मोठ्या बाई म्हणाल्या. "आईवडील आत थांबा, मुलगीही थांबेल. ताईंनी मात्र थोडा वेळ बाहेर बसावं, कसं? हा पालकांचा विषय आहे. गैरसमज नको."

थोरलीनं आईकडे पाहिलं. आईनं नजर काढून घेतली.

ती बाहेर आली. व्हरांड्यात एक लांबट बाक होतं, पण ती बसली नाही. दार ओढलेलं होतं, पण नीट लागत नव्हतं. आतलं सारं ऐकू येत होतं.

"आम्ही काढत नाही हो," मोठ्या बाईंचा आवाज. "आम्ही कुणालाच काढत नाही. नियमानंही काढता येत नाही. तुम्ही आग्रह धरलात तर तिला ठेवणं आम्हाला भाग आहे. पण तुम्ही शहाणे लोक आहात. वर्ग दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात मुलांची ढकलाढकली असते. काही झालं तर? आणि बाकं ही अशी घट्ट जोडलेली. आणखी महिन्यानं ती बसणार तरी कशी? बाकीचे पालक विचारतात ते वेगळंच. तिच्याच भल्यासाठी म्हणते मी. पालक आपणहून घेऊन जातात, वर्षभरानं मुलगी परत येते..."

"किती परत आल्या, बाई?" हा गणिताच्या बाईंचा आवाज.

आत कागद सारखे केल्याचा आवाज आला.

"आपण तो विषय नंतर बोलू," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मी इथं नोकरीला लागल्यापासून तरी एकही नाही," गणिताच्या बाई तेवढ्याच शांतपणे म्हणाल्या. "म्हणून विचारलं."

"मला जायचं नाहीये!" धाकटी ओरडली. "मला कुणी विचारणार आहे का? मी आजारी नाही, मी चोरी केलेली नाही. मला गणितात पैकीच्या पैकी पडतात. त्याला शाळेत राहू देता आणि..."

"बाळा, मोठी माणसं बोलताहेत ना?"

"माझ्याबद्दलच बोलताहेत ना!"

"गप्प बस," आईचा खाली गेलेला आवाज. "बाई, आम्ही घेऊन जातो तिला. सही कुठे करायची?"

"दोन्ही पालकांचं एकच म्हणणं आहे ना?"

बाबांचा आवाज आलाच नाही.

ही शांतता थोरलीच्या ओळखीची होती. याच खोलीत, याच शांततेत, एकदा तिचं आयुष्य सही होऊन बाहेर पडलं होतं! त्या वेळी तीही आत बसली होती, खाली मान घालून, सतरंजीवरचा डाग बघत... आता आत गेलं आणि जे बोलायचं ते बोललं, तर शेजारच्या खोलीतला तो श्वास कदाचित कायमचा दूर जाईल. 'ताई' एवढा एकच तर हक्क आजवर तिच्या वाट्याला आला होता, तोही जाईल. गेला तर गेला! मुलगी आपल्यापासून तुटली तरी चालेल, पण वर्गातून तुटता कामा नये...

तिनं दार ढकललं.

"पालकांचं म्हणणं तुम्ही अजून विचारलेलंच नाही, बाई."

"ताई, तुम्हाला मी बाहेर..."

"मी ताई नाही. मी तिची आई आहे."

आईच्या तोंडून एक अस्फुट हुंदका निघाला. "अगं, काय बोलतेस तू हे..."

"जे मावशीच्या माजघरात पुरलं होतं तेच बोलते, आई." थोरलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मान खाली नव्हती, आणि आवाज तर तिचा तिलाच अनोळखी वाटावा इतका मोठा झाला होता. "बाई, याच शाळेतून, तिच्याच वयाची असताना, मला असंच 'आपणहून' नेलं. मीही वर्षभरानं परत येणार होते. ही माझी पोर सोळा वर्षांची झाली, मी अजून परत आलेली नाही! तुम्ही म्हणता, पालक ठरवतील. ठरवलं मी. ती कुठेही जाणार नाही. ती जिना चढेल नाहीतर तुम्ही वर्ग खाली आणाल, पण ती इथंच शिकेल. आणि इतर पालकांनी विचारलं तर माझं नाव सांगा. मी येऊन उत्तर देईन. एकेकाला देईन!"

धाकटी खुर्चीतून उठली होती. तिचा रंग उडाला होता. ती थोरलीकडे पाहत होती. ज्या चेहऱ्याकडे पाहूनच आजवर चालायला, बोलायला, पाढे म्हणायला शिकली, तोच चेहरा ती जणू पहिल्यांदा वाचत होती. टेबलाला हात टेकत, मधल्या खुर्च्या बाजूला सारत ती बाहेर निघून गेली.

"हे पाहा," मोठ्या बाईंनी कसाबसा आवाज सावरला. त्यांचाही चेहरा उतरला होता. त्या काही दगडाच्या नव्हत्या. "मला... मला वाईट वाटतं. पण कागदोपत्री पालक हे दोघं आहेत. कागदावर तुम्ही बहीण आहात. मी काय करू शकते?"

तेव्हा बाबा उठले.

"कागदावर माझं नाव आहे ना?"

"हो."

"मग मी म्हणतो. मुलगी इथंच राहील." हनुवटीवरच्या जखमेतून पुन्हा रक्ताचा एक थेंब आला होता. "मागल्या खेपेला मी याच खुर्चीत बसलो होतो, बाई. मला शाळेचं पुढचं काम हवं होतं. आणि मला भीती वाटत होती. मी सही केली, आणि घरी जाऊन तुमच्याच शाळेची बाकं जोडत बसलो."

"अहो..." आई म्हणाली.

"थांब गं. एवढं बोलू दे, पुन्हा कान जातील माझे." त्यांनी रुमालानं हनुवटी पुसली. "बाकात मावणार नाही म्हणता ना? बाक मी केलंय. मीच बदलीन."

"तळमजल्यावर चित्रकलेची खोली आहे," गणिताच्या बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "माझा वर्ग मी तिथं घेईन. माझे गुडघेही मला दुवा देतील."

मोठ्या बाईंनी समोरचा अर्ज उचलला, खणात ठेवला आणि खण लावून टाकला. "सोमवारपासून," त्या म्हणाल्या. "खाली. पण मला त्रास होणार आहे, हे तुम्हाला सांगून ठेवते."

"होऊ दे," थोरली म्हणाली. "आम्हालाही झाला."

धाकटी तिच्या रिकाम्या वर्गात सापडली. सगळी मुलं मैदानावर होती. ती आपल्या बाकावर आडवी बसली होती, पाय बाहेर काढून, कारण सरळ बसणं आता होतच नव्हतं. थोरली दारातच थांबली.

"आत येऊ?"

"शाळा काय माझ्या एकटीची आहे?"

थोरली आत आली, पण जवळ गेली नाही. मधे दोन रांगा ठेवून उभी राहिली.

"सगळी वर्षं मी तुला ताई म्हटलं," धाकटी म्हणाली. डोळे कोरडे होते, तेच जास्त भयंकर होतं. "आणि तू ओ दिलीस! एकदाही तोंडातून निघालं नाही तुझ्या? मला ताप यायचा, तू रात्रभर उशाशी बसायचीस, तेव्हासुद्धा?"

"तेव्हा तर निघतच होतं. दात आवळून धरायचे."

"का?"

"कारण मला सांगितलं होतं, की हे तुझ्यासाठी चांगलं आहे. आणि माझ्यासाठीही. फार प्रेमानं सांगितलं होतं गं... मोठ्या बाई आज जशा बोलत होत्या ना, तसंच. रागावून सांगितलं असतं तर मी भांडले तरी असते. प्रेमानं सांगितलं की भांडता येत नाही."

"मी भांडले असते."

"हो." थोरलीच्या ओठांवर रडण्यातूनच हसू फुटलं. "तू भांडली असतीस. तू माझ्यासारखी नाहीस म्हणून मी रोज मनात आनंदाचे उड्डाणपूल बांधते."

"उड्डाणपूल!" धाकटीच्या नाकातून हसण्याचा एक फुसका आवाज निघाला, आणि त्या आवाजाबरोबर बांध फुटला. ती ओंजळीत तोंड लपवून हमसाहमशी रडू लागली. थोरलीचं पाऊल पुढे पडलं, पण धाकटीनं हात वर केला. "नको. आत्ता नको येऊस. मला माहीत नाही तुला काय म्हणायचं ते. मी काही लगेच तुला आई वगैरे म्हणणार नाही."

"नको म्हणूस."

"आणि तिलाही आई म्हणणं सोडणार नाही."

"सोडूही नकोस. तिनं तुला वाढवलंय."

"मग मी काय म्हणू?"

"काहीच म्हणू नकोस. फक्त सोमवारी शाळेत ये."

त्या संध्याकाळी थोरली आईच्या खोलीत गेली, तर आई पलंगावर बसली होती, पायाशी ती बॅग, अर्धी रिकामी केलेली. धाकटीचा एकेक कपडा काढून ती मांडीवर ठेवत होती.

"मला वाटलं होतं मी तुला वाचवलं," आई म्हणाली. "खरंच वाटलं होतं गं. तुला कुणी बोलू नये, एवढंच हवं होतं मला. आणि मग ते लेकरू माझ्या कुशीत आलं... आणि मला ते आवडू लागलं. मी देवाची आभारी होते. बघ कशी आहे मी! लेकीचं लेकरू घेतलं, आणि वर आभार मानले!" तिनं बॅगेतून आणखी एक कपडा काढला. "तू रोज माझ्यासमोर ताई म्हणून ओ द्यायचीस. मला ऐकू यायचं. तुझ्या बाबांसारखे माझे कान कधी गेले नाहीत."

थोरलीनं आजवर या क्षणाची किती उत्तरं मनात रचून ठेवली होती! तिखट, धारदार, रंध्याच्या पात्यासारखी. पण समोर ही म्हातारी होत चाललेली बाई होती, मांडीवर नातीचा स्वेटर घेऊन बसलेली. ती आईशेजारी बसली. स्वेटर तिच्या हातातून घेतला, घडी केली आणि म्हणाली, "या वेळचं लेकरू मात्र कुणाच्या कुशीत द्यायचं नाही. ज्याचं त्याच्याच."

"नाही द्यायचं," आई म्हणाली.

"आणि ही बॅग?"

आईनं बॅगेकडे पाहिलं. मग उठली, ती उचलली आणि मागच्या दारानं कारखान्यात नेऊन भुशाच्या ढिगाऱ्याशेजारी ठेवून आली. "खिळे ठेवायला होईल," परत येऊन ती म्हणाली, आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागली.

रविवारी सकाळपासून करवतीचा आवाज चालू होता. थोरली चहा घेऊन कारखान्यात गेली, तेव्हा बाबांनी शाळेतून आणलेलं एक बाक उलटं करून त्याचे स्क्रू सोडवले होते. फळी एकीकडे, डेस्क दुसरीकडे. मधे दोन रिकामी खोकी मांडली होती. ते त्यांच्यासमोर उकिडवे बसले होते. कानामागे पेन्सिल.

"अंदाज चुकतोय," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "किती अंतर ठेवावं कळत नाही. तुझ्या वेळी... म्हणजे तुला शेवटी शेवटी बाकात बसताना कुठे लागायचं?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ती गेली, ती परत आली, पाळणा हलला, धाकटी चालू लागली, शाळेत गेली. पण त्या शेवटच्या दिवसांत तू बाकात कशी बसत होतीस, तुला कुठे लागत होतं, असं एकानंही विचारलं नव्हतं.

तिनं चहाचा पेला खाली ठेवला. "इथं," तिनं हात ठेवून दाखवलं. "डेस्कची कड इथं रुतायची. मी श्वास आत ओढून बसायचे, मधली सुट्टी होईस्तोवर."

बाबांनी मान खाली घातली. भुशात पाण्याचे दोन ठिपके पडले. मग त्यांनी खोकं पुढे सरकवलं.

"बैस बघू."

ती बसली. केसांत चार पांढऱ्या रेघा आलेली, हातांना पॉलिशचे डाग पडलेली ती बाई त्या खोक्यावर बसली, समोरच्या खोक्यावर कोपरं टेकली, आणि वर्गात बसावं तशी ताठ झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं श्वास आत ओढून धरला नव्हता.

बाबांनी पेन्सिल काढली. खूण करणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"माप माझं घ्यायचंय ना? मग ती का बसलीये?"

धाकटी दारात उभी होती. त्या दिवसापासून ती थोरलीशी एक शब्द बोलली नव्हती. आताही तिच्याकडे न बघताच ती भुशातून जपून पावलं टाकत आली. खोक्यापाशी येऊन थांबली. थोरली घाईनं उठू लागली, तसा धाकटीनं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली दाबलं.

"उठायचं नाही. सरक थोडी."

थोरली सरकली. धाकटी तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसली, तेव्हा खोकं करकरलं. दोघींच्या चार कोपरांनी समोरचं खोकं भरून गेलं. धाकटीनं पोटावरून सदरा नीट केला, मान वर केली आणि पेन्सिल धरून खोळंबलेल्या त्या म्हाताऱ्या हाताकडे पाहिलं.

"या वेळी नीट घ्या माप," ती म्हणाली. आणि क्षणभर थांबून, एक नवाच शब्द जिभेवर तोलून बघत, तिनं वाक्य पुरं केलं, "आजोबा."